डाव्या पायाचे दोन ठोके

११ सप्टेंबर, दुपार

ताई,

मी वर्दी चढवली त्या दिवशी तू म्हणालीस, "आता मला पत्र लिहू नकोस. आलं तरी फोडणार नाही." तू बोललेलं करणारी बाई, म्हणून मीही इतकी वर्षं गप्प बसले. आणि आज लिहितेय ते तरी टाकणार कुठे? तू लग्न करून पलीकडच्या देशात गेलीस तेव्हा सीमेवर एक आडवा बांबू होता आणि तो उचलायला एक म्हातारा. आता त्या जागी दोन्ही बाजूंना तोफा आहेत. पण मला एक गंमत दिसलीय, आणि बाबा गेल्यावर ती कळण्यासारखं माणूस जगात तू एकटीच उरलीस. त्यामुळे तुला इलाज नाही.

आधी माझं थोडक्यात सांगते. मी आता मेजर आहे, डोंगरातल्या एका ठाण्याची प्रमुख. ठाणं म्हणजे चार खोल्या, एक लांबलचक पत्र्याची शेड आणि शेडमध्ये खेचरं. खरी नव्हेत. चार पायांची, बिनडोक्याची, दोन्ही कुशींना पेट्या लावलेली यंत्रं. कागदोपत्री त्यांचं भलंमोठं नाव आहे, ते कोणी घेत नाही. मी आल्या आल्या खेचर म्हटलं आणि ते चिकटलं. खेचरवाल्याची मुलगी दुसरं काय म्हणणार?

या डोंगरात रेडिओ चालत नाही. दोन्ही सैन्यांनी एकमेकांचे संदेश इतके बुजवून टाकलेत की वर काही उडवलं तर ते चक्कर येऊन खाली पडतं. म्हणजे खेचराला दुरून हाकता येत नाही, त्याची वाट त्याला स्वतःलाच यावी लागते. ती शिकवायची पद्धत एकच. माणसानं पुढे चालायचं, खेचरानं मागे, पाठ होईस्तोवर. ते माणसाची चाल उचलतं, खोडींसकट. माझी खेचरं उतारावर तिरकी चालतात, कारण बाबांनी आपल्याला तसं चालायला शिकवलं. वरिष्ठांना ते बावळट दिसतं. पण माझं एकही खेचर अजून दरीत गेलेलं नाही, म्हणून कोणी तोंड उघडत नाही.

आता गंमत ऐक. कड्याला चिकटून एक अरुंद वाट जाते. तिच्या पलीकडच्या टोकाला वर आमची टेहळणी चौकी, आमच्याकडच्या टोकाला समोरच्या सुळक्यावर त्या लोकांची, म्हणजे तुमची. दोन्हीकडे शिधा न्यायला वाट हीच. म्हणून ती कोणी उडवत नाही आणि खेचरांवर गोळीही झाडत नाही, कारण त्यांचं मारलं तर ते आपलं मारतील आणि वरची पोरं उपाशी राहतील. माणूस दिसला तर मात्र सोडत नाहीत. आम्ही शिकवणारे त्या वाटेवर दाट धुकं पडलं की मगच जातो. तर या वाटेच्या मध्यावर एक वळण आहे. जेमतेम एक खेचर मावेल एवढं, आणि बाजूला कड्यात एक खोबण. तिथे त्यांची आणि आमची खेचरं समोरासमोर येतच असणार. मग कोण कोणाला वाट देतं?

हा प्रश्न मी शेडमध्ये विचारला तर आमचा मिस्त्री म्हणाला, "मॅडम, येतायत ना धडधाकट परत? मग कशाला नाक खुपसताय?" मिस्त्रीचे हात सोन्याचे आहेत, पण उत्सुकता म्हणून नाही. म्हटलं, एक ओरखडा न लागता परत येतायत, म्हणूनच खुपसतेय.

काल अलीकडच्या टेकाडावर दुर्बीण घेऊन पालथी पडले. आमचं खेचर लादलेलं, वर निघालं होतं. वळणाआधी थांबलं आणि पुढच्या उजव्या पायानं जमिनीवर दोन ठोके दिले. ते मीच शिकवलंय, त्याचं नवल नाही. पण पलीकडून दोन ठोके परत आले. मग त्यांचं जवळजवळ रिकामं खेचर मागे सरकत सरकत खोबणीत शिरलं, आमचं ऐटीत पुढे गेलं, आणि मी टेकाडावर तोंड उघडं ठेवून पडून राहिले.

बाबांचे ठोके, ताई. बाकीचे खेचरवाले वळणावर शिट्टी मारायचे. बाबांना शिट्टी वाजवता येत नव्हती, म्हणून त्यांनी स्वतः पाय आपटायची आणि खेचरांनाही ते शिकवायची पद्धत काढली. आवाज जड असेल तो लादलेला, त्यानं आधी जायचं. आपल्या घराबाहेर मी हे कुठे पाहिलेलं नाही. मग शत्रूच्या यंत्राला कोणी शिकवलं?

१९ सप्टेंबर

ताई,

इतके दिवस मी शाळेतल्या पोरीसारखे प्रयोग करतेय. एकदा आमचं खेचर रिकामं पाठवलं आणि त्यांचं लादलेलं होतं, तर आमचं निमूट खोबणीत गेलं. मग दोन्ही लादलेली होती, त्या वेळी ज्याचा ठोका जास्त जड ते पुढे. मिस्त्री आता स्वतःच दुर्बीण मागतो. परवा म्हणाला, "मॅडम, यांचं एकदाचं लग्न लावून टाका, रोजची ही ताटकळ नको." मग मी लबाडी केली. आमच्या खेचराच्या पायाला खालून लोखंडाची जाड पट्टी ठोकली आणि रिकामंच पाठवलं. ठोका असा दणकून वाजला की त्यांचं लादलेलं बिचारं मुकाट मागे सरलं. आम्ही दोघं हसून हसून लोळलो.

पुढच्या दिवशी धुकं होतं. त्याच्या पुढच्या दिवशी परत तीच पट्टी ठोकून पाठवलं, तर त्यांच्या खेचरानं भीक घातली नाही. वाट अडवून उभं राहिलं ते राहिलंच. शेवटी आमचं मागे फिरलं. याचा अर्थ लागला तेव्हा मला गुदगुल्या झाल्या. यंत्राला स्वतःहून अशी शंका येत नाही. धुक्याच्या दिवशी कोणीतरी त्याला तिथे आणून शिकवलंय, की असला आवाज आला तर हलायचं नाही. म्हणजे तिकडेही कोणीतरी माझ्यासारखं पालथं पडून बघत असतं, आणि माझी लबाडी पकडून गालात हसलेलं असतं.

मग आज मी नुसत्या पायांकडे लक्ष ठेवलं. आमची खेचरं उजव्या पायानं ठोके देतात, कारण मी उजवी. त्यांची डाव्या.

बाबांच्या सबंध तांड्यात फक्त तुझं खेचर डाव्या पायानं ठोकायचं, आणि बाबा म्हणायचे, डावरीचं जनावर डावरं. ताई, तू आहेस का तिकडे? वर्दीचा एवढा तिटकारा असलेली बाई त्यांच्या तबेल्यात काय करतेय? जबरदस्तीनं आणलंय का तुला? हे विचारून उत्तर येणार नाही हे कळतं मला. तरी आज दिवसभर मी उगाचच खुशीत आहे. स्वयंपाक्यानं विचारलं, मॅडम, कसली खुशखबर? काय सांगणार त्याला?

२७ सप्टेंबर

ताई,

खुशी संपली.

मिस्त्री सुटे भाग आणायला मुख्यालयात गेला होता. तिथे चहा पिताना त्यानं दोन खेचरांच्या लग्नाची गोष्ट रंगवून सांगितली. हसण्यावारी सांगितली, त्याच्या मनात काही नव्हतं. पण ऐकणाऱ्यांत मोठे साहेब होते. ते काल स्वतः इथे आले, शेडमध्ये खुर्ची टाकून बसले आणि मला सगळं परत सांगायला लावलं. मग म्हणाले, "त्यांचं खेचर रिकामं होऊन खाली जातं, तेव्हा आपलं त्याच्या मागोमाग गेलं तर ते अडवेल का?"

"नाही अडवणार. ठोके देऊन आलेल्याला ते आपलंच समजतं."

"थेट त्यांच्या तबेल्यापर्यंत जाईल?"

मला त्याच क्षणी कळलं. साहेबांचा बेत सरळ आहे. पेट्यांत शिध्याऐवजी दारूगोळा भरायचा आणि आमचं खेचर त्यांच्या खेचरामागून तबेल्यात पाठवायचं. तबेला गेला की खेचरं गेली, खेचरं गेली की त्यांची चौकी उपाशी, चौकी उपाशी की ती पडली. फक्त आमच्या खेचराला परक्या खेचरामागे चालायला शिकवावं लागेल, आणि ते इथे मलाच येतं. तसा हुकूम झालाय.

साहेब दुष्ट नाहीत, ताई. मी जरा कां कूं केलं तेव्हा त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, "त्या चौकीवरून बघून ते तोफा लावतात. या उन्हाळ्यात तुमच्याच ठाण्यातली किती पोरं गेली ते मी सांगायला नको." नकोच होतं. त्यांच्या घरच्यांना पत्रं मीच लिहिली आहेत. मी कसाबसा थोडा वेळ मागून घेतला. म्हटलं, शिकवायला धुकं लागतं, ते पडू दे.

मिस्त्री कालपासून माझ्यासमोर येत नाही. त्याला वाटतं मी यंत्रासाठी हळहळतेय. तबेला गेला तर तिथे चालवणारं माणूसही जाईल, आणि ते माणूस कोण ते मला ठाऊक आहे, हे मी त्याला कुठल्या तोंडानं सांगू? मला भीती वाटतेय, ताई. गोळीची कधी वाटली नाही एवढी.

४ ऑक्टोबर

ताई,

आज सकाळी धुकं पडलं. पुढे केलेला हात दिसत नव्हता. एक खेचर मागे घेतलं, शिकवायला चाललेय असं सांगितलं आणि वळणाकडे निघाले. खेचर आधीच्या वाकणावर उभं केलं. तिथून पुढे एकटीच गेले, पिस्तूल कमरेलाच ठेवलं. तुला काय सांगायचं ते ठरलेलं नव्हतं. सांगावं तर वरची आमची पोरं मरतात, न सांगावं तर तू. वळणापाशी थांबले आणि बुटानं दोन ठोके दिले.

पलीकडून दोन ठोके आले. तेही बुटाचेच.

मी म्हटलं, "ताई?"

मग एक तरुण आवाज आला, आपल्या भाषेत. "कोण आहे? हलू नका, माझ्या हातात बंदूक आहे."

"असू दे. आपली भाषा कशी येते तुला?"

"तुमची नाही, आईची भाषा आहे ती."

मग ती पुढे आली. वीस-बावीस वर्षांची पोर, नाकावर राग, टोपी कानापर्यंत ओढलेली. तुला मूल झालं एवढंच कधीतरी कानावर आलं होतं, मुलगा की मुलगी तेही नाही. ताई, तिला विचारावं लागलं नाही. तू रागावलीस की जशी हनुवटी पुढे काढतेस तशीच तिनं काढली होती.

"हे ठोके कोणी शिकवले तुला?"

"कोणी शिकवले नाहीत. लहानपणी आई डोंगरात फिरायला न्यायची. वळण आलं की थांबून पाय आपटायची, समोरून कोणी येत नसलं तरी. मला वाटायचं सगळ्यांच्याच आया असं करतात."

"आणि तू डावरी?"

"मी नाही, आई. तुम्हाला काय माहीत?" मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि बंदूक हळूहळू खाली गेली. म्हणाली, "पायाला लोखंडी पट्टी तुम्ही ठोकलीत ना? आवाजच खोटा होता."

मी हसले. मग मी कोण ते सांगितलं. ती कड्याला टेकून उभी राहिली, आणि तिनं पहिला प्रश्न विचारला तो असा, की आई लहानपणीही एवढीच हट्टी होती का? म्हटलं, का गं? तर म्हणाली, "मी वर्दी घातली त्या दिवसापासून बोलत नाही माझ्याशी. पत्रं पाठवते, ती फोडतसुद्धा नाही. शेजारणीकडून कळतं, सगळी कपाटात रचून ठेवलीत."

ताई, मला तुझा इतका राग आला की धुकं नसतं तर मी ओरडले असते. एकदा माझ्याशी केलंस ते केलंस. पोटच्या पोरीशीही तेच?

तिला बेताचं काही सांगितलं नाही. ती लष्करातली आहे. तिला कळलं की तिच्या साहेबांना सांगणं तिचं काम, आणि मग दुसऱ्या दिवसापासून ते आमच्या खेचरांवर गोळ्या झाडतील, आमच्या वरच्या चौकीला घासभरही मिळणार नाही. मी फक्त विचारलं की आईला एक पत्र नेऊन देशील का. "पोस्टानं पाठवते," म्हणाली. मी म्हटलं, पोस्टानं नाही. पुढच्या धुक्यात इथेच ये.

खाली आले ती सरळ साहेबांना फोन लावला, मुख्यालयाची तार अजून शाबूत आहे. म्हटलं, तिकडे चालवणारी माझी सख्खी भाची आहे, मी शिकवणार नाही. मग साहेब म्हणाले, "आणि त्यांच्या तोफांनी गेली ती कोणाची भाचरं होती, मेजर?" मी तरीही नाहीच म्हटलं. ते म्हणाले, भाची-बिची मी ऐकलं नाही, नाहीतर तुम्हाला आजच अटक करावी लागेल. पण हुकूम नाकारलात तो नाकारलात. बदली, चौकशी, जे काय व्हायचं ते होईल. माझ्या जागी प्रशिक्षण केंद्रातला एक जण येतोय. तो शिकवेल. चांगलं शिकवेल, कारण त्याला मीच तयार केलाय.

म्हणजे मी नकार दिला म्हणून काही थांबत नाही. तबेल्यात आणखीही माणसं असतील, त्यांच्यासाठी माझ्या हातात काही नाही, हे मी स्वतःला परत परत सांगतेय आणि ते गळी उतरत नाही. एका पोरीला तिथून हलवणं तेवढं जमेल. तेही मला नाही जमणार. तुला जमेल.

९ ऑक्टोबर

ताई,

याआधी तुला चार पत्रं लिहिली. ती पाठवण्यासारखी नाहीत, माझ्याकडेच ठेवतेय. एवढं एक फोड. फोडलंयस म्हणूनच वाचतेयस म्हणा.

हे तुझ्या मुलीनं तुझ्या हातात दिलंय. आत काय आहे ते तिला माहीत नाही. तिला सांगितलंय की आजोबांनी जाताना तुझ्यासाठी निरोप ठेवला होता आणि तो इतक्या वर्षांनी पोचवतेय. बाबांनी कसला निरोप ठेवला नव्हता. ते खेचरांशी जेवढं बोलायचे तेवढंही आपल्याशी बोलत नसत, तुला ठाऊकच आहे. पण काल धुक्यात हे ऐकून तिनं लगेच रजा टाकली, आज हे पत्र घेऊन निघेल. पोर मनानं मऊ आहे, वरून तुझ्यासारखी.

मी अजून वर्दीत आहे, त्यामुळे कारण लिहिता येत नाही. तू ते विचारू नकोस आणि काही कारण आहे असं तिला जाणवूही देऊ नकोस. तिला परत जाऊ देऊ नकोस, बस. या महिन्यात नाही, पुढच्याही नाही. अंथरूण धर, पाय मुरगळून घे, बूट लपव, रड. तुला रडता येत नाही, तर भांड. भांडायला लागलीस की ती भांडण संपल्याशिवाय जाणार नाही, एवढी तर ती आपली आहे. रजा संपली म्हणून तिला शिक्षा होईल. होऊ दे.

आणखी एक केलंय मी. तिच्याकडून वचन घेतलंय की तुझं लेखी उत्तर घेतल्याशिवाय परत फिरायचं नाही. तिनं दिलंय, आणि दिलेला शब्द ती मोडेल असं मला वाटत नाही. तेव्हा उत्तर लिहू नकोस. पत्राला उत्तर न देण्यात तुझा हात धरणारा कोणी नाही, ते एकदाचं कामी येऊ दे.

माझी काळजी करू नकोस. रागावायचं असेल तर माझ्यावर रागाव, मला सवय आहे, आणि आता मी इथे फार दिवस असणारही नाही.

तिनं मला काल विचारलं, "मावशी, आईनं दारच लावून घेतलं तर?" मी म्हटलं, नाही लावणार. मी खात्रीनं बोलले, पण मला खात्री नाही. तू हे वाचतेयस तोवर ती बाहेर पायरीपाशी उभी असेल, उत्तराची वाट बघत, तुझ्याकडे न बघता. वर्दीतच आली असेल, तिच्याकडे दुसरे धड कपडे नाहीत. वर्दीकडे बघू नकोस. तिला आत घे.

तुझी,
धाकटी